चौथा मजला, लिफ्ट नाही

पत्र थोडक्यात असं. पत्रलेखक ६३ वर्षांचे, राहणार सिडको, नाशिक. सातपूरच्या एका कारखान्यात ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या शॉपमधलं मोठं मशीन इटलीहून आलेलं; ते बसवायला आलेल्या इंजिनिअरने फरशीवर खडूने रोमचा नकाशा काढून दाखवला होता. 'एकदा जायचं' हे तेव्हापासून डोक्यात. यंदा ऑक्टोबरात ते पत्नीला घेऊन गेले. दोघांचीही पहिली परदेशवारी, इटलीत नऊ रात्री. टूर कंपनी नको म्हणून सगळं बुकिंग स्वतः मोबाइलवर केलं. रोमच्या स्टेशनजवळ थ्री स्टार हॉटेल, चार रात्रींचे ४२ हजार रुपये कार्डाने आगाऊ भरले. तिथे पोचल्यावर काउंटरवरच्या पोराने त्यांना दोन गल्ल्या पलीकडच्या दुसऱ्याच इमारतीत नेलं. चौथा मजला, लिफ्ट नाही. पत्नीचं गुडघ्याचं दुखणं जुनं. खोलीला ओल, खिडकी उघडली की समोर भिंत, दोन सकाळी गरम पाणी नाही. 'आपल्याला बघूनच मागे ढकललं,' असं त्यांना वाटतं. पुण्याचा मुलगा म्हणतो, 'मला सांगायचं ना बाबा.' पत्नी त्या हॉटेलबद्दल अवाक्षर काढत नाही. कारखान्यातल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर मात्र त्यांनी कलोसियमचे फोटो आणि 'एक नंबर ट्रिप' असं टाकलं, आणि आता त्यातलंच एक जोडपं डिसेंबरात त्याच हॉटेलात उतरणार आहे, कारण नाव ह्यांनीच दिलेलं. परत येऊन पाच आठवडे झाले. 'साडेचार लाख गोदावरीत सोडले असं वाटतं. हॉटेलला धडा कसा शिकवू? आणि बायकोला तोंड कसं दाखवू?'

नमस्कार,

आधी फोन. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. डिसेंबरात निघालेल्या त्या मित्राला आज रात्रीच गाठा आणि काय झालं ते सांगा. अशा बऱ्याच बुकिंगना एका ठराविक तारखेपर्यंत फुकटात रद्द करायची मुभा असते. ती तारीख उलटली की पैसे अडकले. लाज वाटते म्हणून आणखी चार दिवस मूठ झाकून ठेवलीत आणि तिकडे त्याच्या पत्नीला बॅगा घेऊन चार मजले चढावे लागले, तर मग ग्रुपवर जे सुरू होईल ते निस्तरायला मला तुम्हाला आणखी एक पत्र लिहावं लागेल. बोलायचं काय, याची काळजी नको. 'ट्रिप खरंच एक नंबर झाली, रोमचं हॉटेल सोडून,' एवढं पुरे. यात खोटं काहीच नाही.

आता तुमचं पत्र. मी पेन्सिल घेऊन तक्रारी मोजल्या, अकरा भरल्या. त्यातल्या काही माझ्या मते हॉटेलच्या खात्यावर जातच नाहीत. रागावू नका, खऱ्या तक्रारींचं वजन कमी होऊ नये म्हणूनच त्या बाजूला काढतेय.

पासपोर्ट काढून घेतले, हे तुम्हाला फार लागलेलं दिसतं. इटलीत उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची नोंद २४ तासांत पोलिसांकडे करणं हॉटेलवाल्याला बंधनकारक आहे. आपल्याकडेही परदेशी पाहुणा आला की हॉटेलला त्याची नोंद सरकारला कळवावी लागते, तीही २४ तासांतच. संध्याकाळपर्यंत ठेवून घ्यायचं मात्र काही कारण नव्हतं. 'समोरच नोंद करा आणि परत द्या' असं म्हणता येतं, आणि ते ऐकतात.

'निघताना ४८ युरो रोख उकळले.' तो रोम महापालिकेचा मुक्काम कर. थ्री स्टार हॉटेलला माणशी, दर रात्री ६ युरो. दोन माणसं, चार रात्री, म्हणजे ४८. हिशेब पै न् पै बरोबर आहे. हा कर बहुतेक वेळा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, खाली बारीक अक्षरात लिहिलेला असतो, आणि आपण बारीक अक्षरं एलआयसीची सुद्धा वाचत नाही.

'संडासाशेजारी पाय धुवायचं बेसिन, पण जेट नाही.' अहो, ते पाय धुवायचं नव्हे! त्याला बिदे म्हणतात आणि ते नेमकं तुम्हाला हव्या असलेल्या कामासाठीच असतं. इटलीत १९७५ च्या एका नियमापासून घराच्या निदान एका बाथरूममध्ये ते असावंच लागतं. युरोपात बऱ्याच ठिकाणी कागदावर भागवताना आपली माणसं हवालदिल होतात, आणि ज्या देशात पाण्याची सोय आहे तिथे तुम्ही तिच्यात मोजे धुतलेत.

नाश्त्याचं दुःख मात्र मी समजू शकते. रविवारी मिसळ खाणाऱ्या माणसाच्या हातात कूपन देऊन कोपऱ्यावरच्या बारमध्ये पाठवायचं आणि तिथे एक गोड बन आणि बोटभर कॉफी. पण रोमचा माणूस स्वतःही तेच खातो, उभ्या उभ्या. तिथे बार म्हणजे कॉफीचं दुकान. 'नाश्ता समाविष्ट' एवढंच लिहिलेलं होतं, त्यामुळे इथेही हॉटेल सुटतं.

आणि ती दोरी. शॉवरशेजारी लोंबणारी दोरी गिझरची समजून तुम्ही ओढलीत आणि घंटा वाजायला लागली. तिकडच्या हॉटेलांच्या न्हाणीघरात अशी दोरी असते. कुणी पाय घसरून पडलं तर पडल्या पडल्या ओढता यावी म्हणून. तुम्ही ओढलीत यात तुमची चूक नाही, ती तिथे होती यात हॉटेलची नाही. पण पुढचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: घंटा दहा मिनिटं वाजत राहिली आणि हॉटेलचं कुणीच आलं नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणारी एक म्हातारी गाऊनवर वर आली आणि तिने ती बंद केली. मदतीची घंटा वाजतेय आणि ज्यांनी धावायचं ते दोन गल्ल्या पलीकडे बसलेत, ही माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर तक्रार आहे, ओल आणि भिंतीपेक्षा कितीतरी मोठी. त्या वेळी गुडघे धरून वहिनी खरंच पडलेल्या असत्या तर?

म्हणजे हॉटेलच्या नावावर काय उरलं? दुसरी इमारत. बुकिंगच्या पानावर लिफ्ट, प्रत्यक्षात जिना. गरम पाणी नाही. घंटेला ओ नाही. ओल आणि भिंत मी यांच्या मागे उभी करते. पहिल्या चार सिद्ध झाल्या तर त्या आपोआप येतील.

इथे एक घरचीच गोष्ट सांगते. माझं माहेर पंचवटीतलं, काळारामाच्या मागच्या अंगाला. १९९१ च्या सिंहस्थात मी कॉलेजात होते आणि आमच्या वाड्यात यात्रेकरू उतरत होते. वडील प्रत्येकाला सांगायचे, 'खोलीतून गोदावरी दिसते.' दिसायची, पण गच्चीवरून, तीही टाकीवर चढलं तर. (दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की मात्र नदी स्वतःच गल्लीच्या तोंडाशी यायची, ती गोष्ट वेगळी.) मागची खोली तर अशी की भर दुपारी दिवा लावावा लागे. एकदा इंदूरकडचं एक कुटुंब आलं. त्यातल्या आजोबांनी खोली बघितली, बोचकं खांद्यावरून खाली न ठेवता वडिलांकडे वळले आणि शांतपणे विचारलं, 'नदी कहाँ है?' वडील गप्प. आईने काही न बोलता आमच्या पुढच्या खोलीतल्या गाद्या उचलल्या आणि ती खोली त्यांना दिली. आम्ही पाच जण त्या रात्री मागे झोपलो. त्या आधी आठ-दहा कुटुंबं मागच्या खोलीत राहून गेली होती. कुरकुर सगळ्यांनी केली, पण सकाळी, निघताना.

तुम्हीही तेच केलंत. चार मजले चढलात, बॅगा उघडल्यात, झोपलात, आणि निघताना काउंटरवर भांडलात. त्या पोराच्या दृष्टीने पाहा: चार रात्री राहिलेला माणूस निघायच्या वेळी ओरडतोय. पहिल्या अर्ध्या तासात, खालीच, बॅगेची चेन न उघडता, 'हे माझं बुकिंग, ह्यात लिफ्ट लिहिलीय, पत्नीला जिना चढता येत नाही' एवढं मोबाइल पुढे धरून म्हटलं असतं तर निदान मूळ इमारतीतल्या खोलीसाठी झगडा झाला असता. नाही म्हणाले, तर तिथूनच बुकिंगच्या साइटला फोन लावायचा; साइटच्या सांगण्यावरून दुसरीकडे सोय झाल्याची उदाहरणं माझ्या ओळखीत आहेत. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. त्या पोराचं कुठे फार चांगलं होतं?

हे आता सांगून उपयोग काय, असं म्हणाल. तुम्हाला कमी असेल, पण हे सदर वाचणाऱ्यांत पुढच्या उन्हाळ्यात निघणारे बरेच आहेत.

आता पैशाचं. बुकिंग पक्कं झाल्याचा मेल शोधा आणि त्यातला पत्ता बघा. तुम्ही झोपलात त्या इमारतीचा पत्ता वेगळा असेल, तर तुमचं निम्मं काम झालं. त्या पानावर अजून 'लिफ्ट' लिहिलेलं असेल तर आजच स्क्रीनशॉट काढा, उद्या ते पुसलं जाईल. साइटच्या ग्राहक सेवेला लेखी तक्रार करा. फोनवर बोलायचंच असेल तर बोला, पण लगेच त्याचा सारांश मेलने पाठवा. तक्रारीत चार ओळी, वर मोजलेल्या चार गोष्टी, सोबत जिन्याचे नि खोलीचे फोटो. पासपोर्ट, बिदे आणि नाश्ता ह्यांचा उल्लेख नको. एक कच्चा मुद्दा दिसला की समोरचा तेवढ्यालाच उत्तर देतो आणि फाइल बंद करतो. मागणीही स्पष्ट हवी. 'न्याय द्या' नको; 'दोन रात्रींचे पैसे परत करा' म्हणा. त्याचबरोबर तुमच्या बँकेच्या कार्ड विभागाला कळवा की सांगितलेली सेवा मिळाली नाही, रकमेबद्दल वाद नोंदवायचा आहे. याला मुदत असते आणि तुमचे पाच आठवडे गेलेत, तेव्हा हे याच आठवड्यात.

त्यानेही भागलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला नाशिक सोडायला नको. घटनेपासून दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. पण खरं सांगू? रोमच्या त्या हॉटेलवाल्याला नाशिकच्या आयोगाची नोटीस पोचवणं आणि आदेश अमलात आणणं जिकिरीचं. ज्या साइटने इथे बसून तुमचे पैसे घेतले तिला पक्षकार करणं जास्त व्यवहाराचं. मी तुमच्या जागी असते तर साइट आणि बँक एवढं नेटाने केलं असतं, आणि आयोगाचा निर्णय त्यांचं उत्तर आल्यावर घेतला असता. प्रवास विम्याच्या मागे लागू नका. व्हिसासाठी काढावा लागतो तो निदान ३० हजार युरोंचा विमा मुख्यतः दवाखान्यासाठी असतो. हॉटेल वाईट निघालं म्हणून तो काही देत नाही.

धडा शिकवायचा म्हणता, तर तुमच्याकडे असलेलं हत्यार म्हणजे अभिप्राय. तुम्ही पत्रासोबत पाठवलेला मसुदा वाचला. 'थर्ड क्लास, चोर, कोणीही जाऊ नये.' हे वाचून कुणी थांबत नाही, असे संतापलेले अभिप्राय प्रत्येक हॉटेलखाली असतात. 'आम्हाला दोन गल्ल्या पलीकडच्या इमारतीत ठेवलं, चौथा मजला, लिफ्ट नाही, मदतीची घंटा वाजवली तर कुणी आलं नाही,' हे मात्र गुडघेदुखीवालं कुठलंही माणूस दोनदा वाचेल.

पण तुम्हाला फसवलं ते हॉटेलने एकट्याने नाही. पानावर ८.१ गुण होते, म्हणून तुम्ही निर्धास्त. ते गुण दिले कुणी? जरा खाली उतरून बघा: पाठीवर सॅक, एका रात्रीचा मुक्काम, पहाटेची गाडी. पंचविशीतल्या पोरांना स्टेशन जवळ आणि चादर स्वच्छ असली की पुरे, त्यांना चार मजले म्हणजे काहीच नाही. त्यांचा आठ खरा आहे, पण तो तुमचा आठ नाही. म्हणून एकूण आकड्याऐवजी अभिप्रायांत 'लिफ्ट' हा शब्द शोधायचा, सगळ्यात नवे आणि सगळ्यात वाईट आधी वाचायचे, आणि हॉटेलने टाकलेल्या फोटोंऐवजी पाहुण्यांनी काढलेले बघायचे. इटलीसाठी दोन शब्द लिहून ठेवा: 'आशेन्सोरे' म्हणजे लिफ्ट, 'डिपेंडेन्झा' म्हणजे मूळ हॉटेलची दुसरीकडची इमारत. रोमच्या टर्मिनी स्टेशनच्या आसपास जुन्या मोठ्या इमारती आहेत, एकेका दारावर चार-पाच हॉटेलांच्या पाट्या, एक मजला एकाचा तर दुसरा दुसऱ्याचा. त्यामुळे बुकिंग झाल्यावर एक निरोप धाडायचाच: 'आमची खोली कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का?' लेखी उत्तर आलं की तेच पुढे पुरावा होतं.

हेच अभिप्राय तुम्हाला आणखी एका कामाला येतील. 'आपल्याला बघूनच' मागे ढकललं, असं तुम्ही लिहिलंत. असेलही. असं होतच नाही म्हणायला मी धजणार नाही. पण त्या दुसऱ्या इमारतीची तक्रार जर्मन, स्पॅनिश, कोरियन माणसांनीही केलीय का ते एकदा बघा. भाषांतराचं बटण असतं. केली असेल, तर ते हॉटेल सगळ्यांनाच तिकडे पाठवतं. मग मनातला हा सल थोडा हलका होईल आणि तक्रारही भक्कम होईल. फक्त आपलीच माणसं तिकडे गेलेली दिसली, तर तेही साइटला लिहा, नावानिशी नोंद होऊ द्या.

तुमची चूक शोधायचीच तर मला एकच दिसते, आणि ती टूर कंपनी न घेण्याची नाही. (टूरवाल्यांनी लिफ्टचं हॉटेल दिलं असतं, पण बरेचदा ते शहराबाहेर हायवेवर असतं. रात्री जेवून कारंजापर्यंत चालत गेलात म्हणता, ते राहिलं असतं.) चूक अशी की व्हिसाच्या कागदांसाठी जूनमध्ये घाईने जे बुकिंग केलंत ते ऑक्टोबरपर्यंत पुन्हा उघडून पाहिलंच नाही. हे फार जण करतात. व्हिसा लागला की सगळं पार पडल्यासारखं वाटतं. व्हिसासाठी रद्द करता येणारं बुकिंग करावं आणि निघायच्या महिनाभर आधी एका रविवारी निवांत बसून, ज्याच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे त्याला शेजारी घेऊन, सगळं पुन्हा बघावं. मुलालाही तेव्हा बोलवा. त्याला 'मला सांगायचं ना' म्हणायची जागाच उरणार नाही.

साडेचार लाख गोदावरीत गेले, हे मात्र मला पटलं नाही. ४२ हजार म्हणजे त्यातला दहावा हिस्साही नाही. बाकी पाच रात्री फ्लॉरेन्स आणि व्हेनिसला काढल्यात, त्यांच्याबद्दल तुमच्या तीन पानांत दीड ओळ आहे.

राहता राहिल्या वहिनी. त्या बोलत नाहीत याचा अर्थ त्या मनात धरून बसल्यात, असं तुम्ही गृहीत धरलंय. ३४ वर्षं मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखलात, त्यामुळे आवाज बंद म्हणजे नक्की काहीतरी मोडलंय असं वाटत असेल. तुम्ही त्यांना विचारलंत का, याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. 'माफ कर' म्हटल्याचा आहे, तोही तीनदा. माफी मागितली की समोरच्याला 'असू दे' एवढंच म्हणता येतं.

दुसऱ्या पानाच्या तळाशी, कंसात, तुम्ही एक वाक्य लिहिलंय. घंटेच्या रात्रीनंतर त्या तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीने रोज दुपारी जिन्याच्या वळणावर एक खुर्ची आणून ठेवायला सुरुवात केली, आणि वहिनी तिथे टेकायच्या. शेवटच्या दिवशी तर अर्धा तास बसल्या, तुम्ही वर बॅगा भरत होतात. सोबत पाठवलेल्या सात फोटोंत खुर्ची नाही. ओल आलेल्या भिंतीचे तीन आहेत.

हॉटेलचा विषय काढू नका. उद्या दुपारचा चहा तुम्ही टाका आणि एवढंच विचारा, की अर्धा तास तुम्ही दोघी काय बोलत होतात? भाषा तर एकीलाही दुसरीची येत नव्हती.